डोक्यात गाठ, मणक्यात गाठ : नातेवाइकांचे प्रश्न आणि सरळ उत्तरं

नाशिक शहरातून, निफाड-सिन्नरमधून, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून आणि मालेगावहून न्यूरोच्या ओपीडीत येणारी माणसं जे प्रश्न वारंवार विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. ओपीडीत डॉक्टरांना वेळ कमी असतो आणि नातेवाइकांच्या मनात प्रश्न खूप असतात. त्या दोघांच्या मध्ये बसून बोलण्याचं माझं काम आहे.

एक गोष्ट सगळ्यात आधी सांगते. ‘ब्रेन ट्यूमर’ हा एकच आजार नाही. मेंदू आणि मज्जारज्जूच्या गाठींचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. एखादी गाठ गोळ्यांनी आकसते, एखादी एका ऑपरेशनने कायमची जाते, तर एखादी सगळं करूनही परत येते. म्हणून गावातल्या अमक्याचं काय झालं, त्यावरून आपल्या माणसाचं भविष्य ठरवू नका. गाठीचं नाव काय, ग्रेड काय आणि ती नेमकी कुठे आहे, हे तीन प्रश्न डॉक्टरांना विचारा आणि उत्तरं वहीत लिहून ठेवा.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘स्पेस ऑक्युपाइंग लिजन’ लिहिलं आहे. म्हणजे कॅन्सरच ना?

नाही. नेहमीपेक्षा वेगळं काहीतरी मेंदूत जागा व्यापून बसलं आहे, एवढंच ते सांगतं. आपल्याकडे अशा दिसणाऱ्या दोन गोष्टी बऱ्यापैकी आढळतात. पहिली टीबीची गाठ. टीबी फक्त छातीत होतो असं लोकांना वाटतं, पण तो मेंदूतही गाठ करतो. दुसरी म्हणजे फीतकृमीच्या अंड्यांपासून होणारी बारीक गाठ, न्यूरोसिस्टिसर्कोसिस. ती अंडी दूषित पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातांतून पोटात जातात. त्यामुळे आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. दोन्हींवर औषधं आहेत आणि बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. जुना कान फुटलेला असेल तर मेंदूत पू साठूनही गाठ दिसू शकते.

म्हणूनच डॉक्टर शिरेतून रंगाचं इंजेक्शन देऊन पुन्हा एमआरआय करायला सांगतात, छातीचा एक्स-रे काढतात, रक्त तपासतात. याला पैसे उकळणं समजू नका. त्या इंजेक्शनाआधी मूत्रपिंडाची तपासणी, म्हणजे क्रिएटिनिन, करून घ्यावी लागते. पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू बसवलेला असेल तर ते आधीच सांगा.

साधी गाठ आणि कॅन्सरची गाठ यात फरक काय?

गाठींना १ ते ४ अशी ग्रेड देतात. १ म्हणजे सावकाश वाढणारी, ४ म्हणजे झपाट्याने वाढणारी. मेंदूच्या आवरणातून उगवणारा मेनिन्जिओमा बहुतेकदा ग्रेड १ असतो आणि बायकांमध्ये जास्त आढळतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन बनवणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ, कानाच्या नसेवरची गाठ याही सहसा कॅन्सरच्या नसतात. मेंदूच्याच पेशींपासून होणाऱ्या गाठींना ग्लिओमा म्हणतात. त्यातली सगळ्यात आक्रमक गाठ म्हणजे ग्लिओब्लास्टोमा, ग्रेड ४.

मात्र ‘साधी आहे’ एवढं ऐकून निश्चिंत होऊन घरी बसू नका. कवटी हाडाची आहे, ती पसरत नाही. आत जागाच नसते. गिळणं, श्वास किंवा नजर सांभाळणाऱ्या भागाशेजारी साधी गाठ वाढली तर तीही जिवावर बेतते. मेंदूत जागा फार मोलाची आहे आणि लोकांना हेच समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आणखी एक प्रकार म्हणजे शरीरातल्या दुसऱ्या कॅन्सरची मेंदूत आलेली गाठ. फुफ्फुस, स्तन, मूत्रपिंड या अवयवांच्या कॅन्सरमधून त्या येतात. प्रौढांमध्ये मेंदूतच सुरू झालेल्या कॅन्सरपेक्षा अशा बाहेरून आलेल्या गाठी जास्त असतात. घरातल्या बाईचं काही वर्षांपूर्वी स्तनाचं ऑपरेशन झालेलं असेल आणि आता डोकं दुखतंय, तोल जातोय, तर जुनी फाइल घेऊनच या.

डोकं तर सगळ्यांचंच दुखतं. घाबरायचं कधी?

बहुतेक डोकेदुखी अर्धशिशीची, ताणाची किंवा झोप न झाल्याची असते. लक्ष द्यायचं ते बदलाकडे. आधी कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू झाली, पहाटे किंवा उठताना जास्त, सोबत उलटी, खोकलं किंवा वाकलं की वाढते आणि आठवड्यागणिक वाढतच जाते, तर तपासून घ्या. पंचविशी-तिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदा फीट आली तर एमआरआय हवाच. एका बाजूचा हात-पाय जड होणं, शब्द न आठवणं, बोबडं बोलणं, ही लक्षणं अचानक आली तर पक्षाघातही असू शकतो. अशा वेळी तासाभराचाही उशीर करू नका.

फसवी लक्षणंही असतात. चष्म्याचा नंबर पुन्हा पुन्हा बदलूनही कडेचं दिसत नाही, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, अशी तक्रार असेल तर पिट्युटरीची गाठ असू शकते. फोन एकाच कानाला नीट ऐकू येतो, दुसऱ्याला सतत गुणगुण, तर कानाच्या नसेवरची गाठ असू शकते. शांत स्वभावाचे आजोबा एकाएकी चिडू लागले, व्यवहारात चुकू लागले, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ बराच काळ एवढंच लक्षण दाखवते.

घरी फीट आली तर काय करायचं?

कूस वळवून झोपवा. गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा आणि घड्याळ पाहा. कांदा हुंगवू नका, चप्पल लावू नका, दातखिळी उघडायला चमचा घालू नका, पाणी पाजू नका. चमच्याने दात तुटतात आणि पाणी श्वासनलिकेत जातं. फीट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध यायच्या आत दुसरी आली, तर १०८ ला फोन करा. नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो. तो घरी ठेवायचा का आणि कसा वापरायचा, हे डॉक्टरांकडून समजून घ्या.

मणक्यातली गाठ कशी ओळखायची? पाठ तर शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाचीच दुखते.

खरं आहे, आणि म्हणूनच ती उशिरा सापडते. द्राक्षाची छाटणी, कांद्याची काढणी, दिवसभर वाकून काम, यामुळे पाठ दुखली तर आडवं झाल्यावर आराम पडतो. गाठीचं दुखणं बऱ्याचदा उलटं वागतं. रात्री आडवं झालं की वाढतं, झोपेतून उठवतं. पट्टा बांधल्यासारखं छातीभोवती किंवा पोटाभोवती दुखतं. मग पायात मुंग्या, चालताना पाय अडखळणं, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं.

मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपर्यंतच असतो, खाली फक्त नसांचा जुडगा. गाठ रज्जूच्या आवरणाच्या बाहेर असू शकते, आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर असू शकते, किंवा थेट रज्जूच्या आत. मधल्या जागेतल्या गाठी, म्हणजे मेनिन्जिओमा आणि श्वानोमा (नसेच्या वेष्टणाची गाठ), बहुतेकदा साध्या असतात आणि पूर्ण निघू शकतात. रज्जूच्या आतली गाठ काढणं अवघड. तिथे सर्जन नसांमधून जाणारे विद्युत संदेश मशीनवर पाहत पाहत काम करतात. आवरणाबाहेरच्या गाठींमध्ये दुसरीकडून आलेला कॅन्सर जास्त असतो. आपल्याकडे मणक्याचा टीबीही अगदी असाच दिसतो, म्हणून तुकडा तपासल्याशिवाय उपचार ठरवत नाहीत.

आता जे सांगते ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पायातली ताकद उतरत चालली आहे, लघवी अडकली आहे किंवा नकळत होते आहे, जननेंद्रियाभोवती बधिरपणा आहे, यातलं काहीही असेल तर ते त्याच दिवशी, त्याच रात्री दवाखान्यात नेण्याचं काम आहे. रज्जूवरचा दाब काढेपर्यंत माणूस चालत असेल तर पुढेही चालण्याची शक्यता चांगली असते. पाय पूर्ण गेल्यावर आणलं तर ती फार कमी होते. मसाज, हाड बसवणाऱ्याकडची फेरी, ‘सोमवारी बघू’, यात गेलेले दोन दिवस परत मिळत नाहीत. पाय लुळे पडलेले तरुण खाटेवरून आणलेले पाहिले की हे ओरडून सांगावंसं वाटतं.

ही गाठ झाली कशामुळे? मोबाइलमुळे? फवारणीमुळे? लहानपणी डोक्याला मार लागला होता, त्यामुळे?

बहुतेक रुग्णांमध्ये कारण सापडत नाही. नक्की माहीत असलेलं बाहेरचं कारण म्हणजे पूर्वी डोक्याला दिलेलं रेडिएशन. न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे (यात नसांवर गाठी येतात) काही आनुवंशिक आजारही आहेत, पण ते थोड्या घरांत. मोबाइलच्या लहरींना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये ‘कदाचित कॅन्सरकारक’ या गटात ठेवलं होतं. त्यानंतरच्या मोठ्या अभ्यासांत ठोस संबंध दिसलेला नाही. फवारणीचा संबंधही सिद्ध झालेला नाही, तरी मास्क आणि हातमोजे वापराच, विषबाधेची इतर कारणं पुरेशी आहेत. डोक्याला लागलेल्या मारामुळे गाठ झाली असंही म्हणता येत नाही. तपासणी मारासाठी केली आणि गाठ सापडली, असं पुष्कळदा घडतं.

हा आजार स्पर्शाने पसरत नाही. कोणाच्या पापाचं फळही नाही. आईने गरोदरपणी काय खाल्लं, सुनेचे पाय कसे लागले, हे बोलणं घरात कोणी सुरू केलं तर तिथेच थांबवा.

हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो म्हणतात. मग बायोप्सी कशाला?

कारण तुकडा तपासल्याशिवाय बहुतेक गाठींचं नेमकं नाव कळत नाही. रक्ताच्या तपासणीतून ते सहसा कळत नाही, एमआरआयवरून फक्त अंदाज बांधता येतो. मेंदूतच सुरू झालेल्या गाठी शरीरात इतरत्र सहसा पसरत नाहीत. बायोप्सीने पसरतात ही भीती निराधार आहे. ज्यांची गाठ ऑपरेशननंतर वाढली, त्यांची ती मुळातच वाढणारी होती.

२०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात सूक्ष्मदर्शकाइतकंच जनुकीय तपासण्यांना महत्त्व आहे. रिपोर्टमध्ये आयडीएच, १पी/१९क्यू, एमजीएमटी अशी अक्षरं दिसतील. ती क्लिष्ट वाटतात, पण कोणती केमो, किती आशा, हे त्यावरून ठरतं. त्यामुळे हा रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर तुकडा जपून ठेवलेला लॅबमधला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स कुठे आहेत ते विचारून ठेवा. मुंबईला दुसरं मत घ्यायला गेलात की सगळ्यात आधी तेच मागतात आणि नेमके तेच हरवलेले असतात.

ऑपरेशनमध्ये कवटी उघडतात. माणूस पहिल्यासारखा राहील का?

कवटीचा एक तुकडा बाजूला काढून, सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढून, तो तुकडा बहुतेकदा टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्यांनी परत बसवतात. नॅव्हिगेशन यंत्रामुळे सर्जनला गाठ नकाशावर पाहावी तशी दिसते. पिट्युटरीची गाठ बहुधा नाकातून दुर्बिणीने काढतात, डोक्यावर टाका पडत नाही. गाठ बोलण्याच्या किंवा हात हलवण्याच्या केंद्राजवळ असेल तर रुग्णाला जागं ठेवून ऑपरेशन करतात. तो बोलत असतो, बोटं हलवत असतो, आणि कुठे थांबायचं हे त्यावरून कळतं. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, म्हणून हे शक्य होतं.

‘पूर्ण काढा डॉक्टर’ असा आग्रह सगळे धरतात. मेनिन्जिओमा पूर्ण निघू शकतो. ग्लिओमा मात्र शेतातल्या हरळीसारखा असतो, वरचं कितीही खुरपलं तरी मुळं निरोगी मातीत गेलेली असतात. तिथे सर्जन वाचा आणि हात-पाय वाचवून जितकं निघेल तितकं काढतात. मागे थोडं ठेवलं म्हणजे हलगर्जी केली असं समजू नका.

ऑपरेशननंतर तात्पुरती कमजोरी येऊ शकते, सूज उतरली की ती कमी होते. काहींची कायम राहते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फीट हे धोकेही असतात. सही करण्याआधी हे सगळं विचारा.

प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागतंच का?

नाही. वयस्कर माणसात योगायोगाने सापडलेला छोटा मेनिन्जिओमा ठरावीक काळाने एमआरआय करून नुसता पाहत राहता येतो. प्रोलॅक्टिनोमा या पिट्युटरीच्या गाठीत तर कॅबरगोलिनच्या गोळ्या हाच पहिला उपचार आहे. पाळी थांबलेल्या, दूध येणाऱ्या मुलींच्या कित्येक गाठी गोळ्यांनीच आकसतात. म्हणून पिट्युटरीच्या गाठीत ऑपरेशनची तारीख घेण्याआधी हार्मोनच्या तपासण्या झाल्यात ना, हे नक्की विचारा.

रेडिएशन म्हणजे शेक देताना भाजतं का? किती दिवस?

देताना काहीच जाणवत नाही. चेहऱ्याच्या मापाचा प्लॅस्टिकचा मास्क बनवतात, तो लावून टेबलावर काही मिनिटं स्थिर झोपायचं असतं. ग्लिओब्लास्टोमात साधारण ६ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, मिळून ३० वेळा देतात. वय आणि प्रकृती पाहून तीन आठवड्यांचा छोटा कोर्सही देतात. जिथून किरण जातात तिथले केस गळतात. थकवा येतो आणि तो कोर्स संपल्यावरही काही आठवडे टिकतो, त्या काळात ‘आळशी झालाय’ म्हणू नका. गॅमा नाइफमध्ये चाकू नसतो, नेमके किरण एकाच जागी एकवटतात. छोट्या गाठींना ते उपयोगी आहे, मोठ्या गाठींना नाही.

केमोने सगळे केस जातील, सतत उलट्या होतील?

मेंदूच्या गाठीत सगळ्यात जास्त वापरलं जाणारं टेमोझोलोमाइड हे कॅप्सूलचं औषध आहे. रिकाम्या पोटी घ्यायचं, आधी उलटीची गोळी. केस फारसे जात नाहीत. पण प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून रक्त तपासणी चुकवायची नाही. ताप आला तर घरगुती काढा नको, थेट दवाखाना.

सूज उतरायची गोळी बंद केली तर चालेल का? तोंड सुजलंय, साखर वाढलीय.

स्वतःहून मुळीच नाही. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड गाठीभोवतीची सूज उतरवतं, दोन दिवसांत माणूस बोलायला लागतो, इतका फरक पडतो. पण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं आणि गोळी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळू शकतो. डोस डॉक्टरच पायरीपायरीने उतरवतात. मधुमेह नसला तरी साखर तपासत राहा.

लहान मुलांना का होतं? ती बरी होतात का?

का होतं याचं उत्तर नाही. मुलांच्या गाठी बऱ्याचदा डोक्याच्या मागच्या भागात असतात. सकाळी उलटी आणि मग दिवसभर ठीक, तोल जाणं, मान वाकडी धरणं, अशी लक्षणं असतात. पोटाची औषधं देऊन महिना जातो. बऱ्याच मुलांच्या गाठी ऑपरेशनने किंवा ऑपरेशन, शेक आणि केमो मिळून बऱ्या होतात. ३ वर्षांखालच्या मुलांना रेडिएशन शक्यतो टाळतात, कारण मेंदू घडत असतो. शाळेत परतल्यावर वाचन आणि लक्ष मागे पडू शकतं. बाईंना आजाराची कल्पना द्या.

नाशिकमध्येच करायचं की मुंबईला जायचं?

न्यूरोसर्जन, एमआरआय, रेडिएशनची मशीन नाशिकमध्ये आहेत. मेनिन्जिओमा, मणक्याच्या साध्या गाठी, बहुतेक ग्लिओमा यांचे उपचार इथे होऊ शकतात. रोज शेक घ्यायचा असेल तर घराजवळ राहण्याचा मोठा फायदा असतो. आईच्या हातची भाकरी आणि स्वतःची गादी यांनी ६ आठवडे सोपे जातात. लहान मुलांच्या गाठी, मेंदूच्या देठातल्या गाठी, दुर्मीळ निदान, गॅमा नाइफ किंवा प्रोटॉन (वेगळ्या प्रकारचा शेक) यासाठी मुंबईचा विचार करा. परळचं टाटा मेमोरियल आणि त्याचंच खारघरचं केंद्र इथे मेंदूच्या गाठींचा स्वतंत्र गट आहे. प्रोटॉनचं मशीन खारघरला आहे. निदान आणि उपचाराची आखणी मुंबईत आणि शेक-केमो नाशिकमध्ये, असंही अनेक जण करतात. माझ्या मते पुष्कळ घरांना हाच मार्ग सगळ्यात झेपतो. पण पाय गेलेला, शुद्ध हरपलेला रुग्ण घेऊन कसारा घाटातून मुंबई गाठण्याच्या नादात वेळ घालवू नका. आधी इथे दाब कमी करून घ्या.

पैसे कुठून आणायचे? शेत गहाण टाकायची वेळ आली आहे.

थांबा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत मिळतात. त्यात न्यूरोसर्जरी आणि कॅन्सर दोन्ही येतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा किंवा १५५३८८ वर फोन करा. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. आधी रोख भरून नंतर परत मिळत नाहीत, म्हणून दाखल होतानाच विचारा. तातडीचं असेल तर तसं सांगा, त्यासाठी वेगळी सोय असते. उरलेल्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहायता निधीला अर्ज करता येतो. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत असते, त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

बाबांना सांगायचं का? आणि खरं सांगा, किती दिवस आहेत?

ओपीडीच्या दाराबाहेर मला बाजूला घेऊन हा प्रश्न विचारतात. ग्लिओब्लास्टोमाबद्दल खरं सांगायचं तर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासावर आजचा उपचार उभा आहे, त्यात शेक आणि टेमोझोलोमाइड मिळालेल्यांपैकी निम्मे रुग्ण साधारण साडेचौदा महिन्यांपेक्षा जास्त जगले, निम्मे त्याहून कमी. काही जण कित्येक वर्षं जगतात. हा आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही. आयडीएच या जनुकात बदल असलेले ग्लिओमा यापेक्षा खूप सावकाश चालतात, तिथे दहा वर्षांचा विचार करता येतो.

सांगायचं का, तर बाबांनाच आधी विचारा, ‘तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ बहुतेकांना सगळ्यांच्या चेहऱ्यावरून कळलेलंच असतं. मेंदूचा आजार नंतर निर्णयशक्ती आणि वाचा हिरावू शकतो. सातबाऱ्याची कामं, मुलीच्या लग्नाचं बोलणं, कुणाशी मिटवायचा अबोला, हे करायला त्यांना हाच काळ मिळणार असतो. तो लपवाछपवीत घालवला तर त्यांच्यावर अन्याय होतो.

उपचार चालत नसतील तेव्हाही करण्यासारखं खूप असतं. वेदना, फीट, उलटी, झोप यावर औषधं आहेत. पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणारे, उपचार देणाऱ्या डॉक्टरांना लवकर जोडून घ्या. मॉर्फिनचं नाव ऐकून दचकू नका, ठरलेल्या डोसमध्ये ते सुरक्षित आहे.

घरी आल्यावर काय करायचं, काय टाळायचं?

फिजिओथेरपी पहिल्या आठवड्यापासून. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदला. फीट येत असेल तर विहिरीकाठी, द्राक्षाच्या मांडवावर चढून, ट्रॅक्टरवर किंवा चुलीपाशी एकट्याने काम नको. नदीत डुबकी नको. डॉक्टर सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही. फीटची गोळी एकही वेळ चुकवायची नाही. उपास करायचाच असेल तर गोळीच्या वेळा आधी ठरवून घ्या. खाणं साधं, पोटभर, प्रथिनं असलेलं. साखर बंद केली की गाठ उपाशी मरते, हे खरं नाही. भस्मं आणि जडीबुटी घेत असाल तर लपवू नका, काहींचा यकृतावर आणि मूत्रपिंडावर ताण पडतो.

शेक संपल्यावरच्या पहिल्याच एमआरआयमध्ये गाठ मोठी दिसतेय. सगळं वाया गेलं का?

तसं लगेच म्हणता येत नाही. शेकानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उपचाराचीच सूज एमआरआयवर वाढलेल्या गाठीसारखी दिसू शकते. अशा वेळी डॉक्टर माणसाची प्रकृती पाहतात, वेगळ्या पद्धतीचा एमआरआय करतात किंवा काही आठवडे थांबून पुन्हा फोटो घेतात. जुन्या सगळ्या एमआरआयच्या सीडी एकाच पिशवीत तारखेप्रमाणे ठेवा आणि प्रत्येक भेटीला ती पिशवी घेऊन या. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून ही तुलना करता येत नाही.